‘मॅडम, मिटवून टाका’: समाजकार्यात वाद हाताळायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

समुपदेशन केंद्राची खोली बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, बाहेर बाक. नवरा-बायकोचं प्रकरण असलं की त्या चार खुर्च्यांसाठी आठ-नऊ माणसं येतात. त्यांत नवऱ्याचा एक मामा हमखास असतो. पांढरा शर्ट, खिशाला पेन, गावातली दहा लग्नं जुळवलेली आणि चार मोडता मोडता वाचवलेली. खुर्ची ओढून तो सगळ्यांत आधी बोलायला लागतो, "मॅडम, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच. दोघांनाही दोन शब्द सांगा आणि मिटवून टाका."

बायको भिंतीकडच्या खुर्चीत. मे महिना आहे आणि तिच्या ब्लाउजची बाही कोपराच्या खालपर्यंत ओढलेली आहे.

(या लेखातले प्रसंग कुणा एकाचे नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडून ते उभे केले आहेत. ज्यांच्या फायली आपण हाताळतो त्यांची गोष्ट ओळखू येईल अशी सांगायची नसते, हा या कामातला पहिलाच धडा.)

मामाचं म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं, आणि नवी कार्यकर्ती तिथेच फसते. कॉलेजात शिकलेलं असतं की दोन्ही बाजू ऐकायच्या, कुणाचा कैवार घ्यायचा नाही. ती वही उघडते आणि म्हणते, "बरं, तुम्ही तुमची बाजू सांगा, मग ताई त्यांची सांगतील." नवरा दहा मिनिटं बोलतो. बायकोची पाळी आली की ती म्हणते, "तसं काही नाही, होतं कधी कधी." वहीत लिहिलं जातं: किरकोळ कुरबुरी, समज दिली, प्रकरण मिटलं.

‘मिटणं’ हे क्रियापद मजेशीर आहे. डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात, तोंड मिटतं. भांडणही मिटतं. समाजकार्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला या शब्दाची थोडी धास्तीच बसते, कारण मिटलेल्या प्रकरणांपैकी बऱ्याच प्रकरणांत कुणाचं तरी नुसतं तोंड मिटलेलं असतं.

म्हणून वाद हाताळायच्या तंत्रांआधी एक प्रश्न येतो: समोर आहे ते नेमकं काय आहे? मतभेद, भांडण की जाच? मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचं की मराठी, हा मतभेद. बांध कोणी कोरला यावरून दोन भाऊ बोलेनासे झाले, हे भांडण. एक जण मारतो आणि दुसरी मार चुकवायला शिकते, हा जाच. पहिल्या दोहोंत दोन्ही माणसं बोलू शकतात, रागावू शकतात, उठून जाऊ शकतात. तिसऱ्यात उठून जायची मुभा एकालाच असते. ओळखायचं कसं? मी स्वतःला एकच विचारते: या खोलीत ती जे बोलेल, त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागेल का? उत्तर ‘हो’ असेल किंवा ‘सांगता येत नाही’ असेल, तर ती संयुक्त बैठक तिथेच थांबवायची. मामासकट सगळ्यांना बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि तिच्याशी एकटीशी बोलायचं.

हे कार्यकर्तीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या नियमांत न्यायालयाने समुपदेशनाला पाठवलेल्या प्रकरणांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवली आहे: हिंसा का केली याचं समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात करता येणार नाही, आणि हे त्याला काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं. म्हणजे "तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला" हे वाक्य चर्चेला घ्यायचंच नाही. मारण्याचं कारण शोधत बसलो की आपण नकळत मारण्याला अटी घालतो. भाकरी वेळेवर झाली असती तर? सासूला उलटून बोलली नसती तर? नियम हे दार बंद करतो. समुपदेशक कोण असावा हेही त्याच नियमांत आहे. वादाशी ज्याचा संबंध आहे किंवा पक्षकारांपैकी कुणाचा जो नातेवाईक आहे, त्याला सगळ्या पक्षकारांनी लेखी हरकत सोडल्याशिवाय समुपदेशक नेमता येत नाही. मामा या कामातून बाद होतो तो असा, आणि त्यात त्याचा अपमान काही नाही.

मग कार्यकर्ती तटस्थ राहायची की नाही? तट म्हणजे काठ. काठावर उभा राहणारा तो तटस्थ. पाण्यात दोघं पोहत असतील तर काठावर उभं राहून पाहायला हरकत नाही. एक दुसऱ्याचं डोकं पाण्याखाली दाबत असेल तर काठावरच्या माणसाला तटस्थ म्हणत नाहीत. त्याला बघ्या म्हणतात. नवऱ्याशीही सभ्यपणे बोलायचं, त्याचं म्हणणं नीट लिहून घ्यायचं, त्याला ‘अहो’ म्हणायचं, चहा सांगितला तर त्यालाही द्यायचा. पण हिंसा चुकीची की बरोबर, या मुद्द्यावर मात्र चर्चा नाही.

मुंबईत 1984 मध्ये पोलिसांच्या आवारात महिला आणि बालकांसाठी एक विशेष कक्ष सुरू झाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने तो उभा केला. पुढे हेच काम राज्यात इतरत्र पोहोचलं. त्यातली कल्पना साधी होती: प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसेल. बाई तक्रार घेऊन ठाण्यात आली की तिला ऐकणारं माणूस तिथेच भेटेल, आणि नवऱ्याला बोलावलं तर त्या बोलावण्याला वजन असेल. वर्दीच्या सावलीत समुपदेशन कसलं, असं काही जणांना वाटतं. मला उलट वाटतं. ताकद आधीच एका बाजूला झुकलेली असते. शेजारी वर्दी असली तर ती जरा सरळ होते, इतकंच.

या कामात हमीपत्र नावाचा कागद असतो. तो कसा लिहायचा हे शिकायला मला बराच वेळ लागला. "मी यापुढे नीट वागेन" असं लिहिलेला कागद म्हणजे रद्दी. नीट म्हणजे काय, हे नवऱ्याच्या आणि बायकोच्या डोक्यात वेगळं असतं. कागदावर असं यायला हवं: हात उचलणार नाही. शिवी देणार नाही. घरखर्चाचे अमुक इतके रुपये दर महिन्याच्या 7 तारखेला हातात देईन. माहेरी फोन करायला अडवणार नाही. दर पंधरा दिवसांनी दोघंही केंद्रात येऊ आणि वेगवेगळे भेटू. यातली प्रत्येक ओळ तपासता येते, मोडली तर मोडली म्हणता येते. शिवाय ती घरी जाणार असेल तर एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवायचं. आपण फोन करून विचारायचं, "बचत गटाची मीटिंग कधी आहे हो?" तिने ‘उद्या’ म्हटलं तर बोलता येत नाही, कोणीतरी शेजारी आहे. ‘आजच’ म्हटलं तर माणूस पाठवा. कागदपत्रांची पिशवी शेजारणीकडे, रिक्षापुरते पैसे पिशवीच्या अस्तरात. समुपदेशनाच्या पुस्तकांत अशा गोष्टी तळटिपेत असतात. प्रत्यक्षात जीव त्यांवर तगतो.

आता भांडणाकडे. इथे दोन्ही बाजूंना आवाज असतो, आणि समेट हा शब्द इथे शोभतो.

एका वस्तीतलं पाण्याचं भांडण घ्या. पहाटे साडेपाचला पाणी येतं, सव्वासहाला जातं. वरची गल्ली मोटर लावते, खालच्या गल्लीत नळाला नुसती हवा येते. हंड्यावरून हाणामारी झाली, एका मुलाच्या कपाळाला टाके पडले आणि कार्यकर्तीला बोलावणं आलं. संध्याकाळी समाजमंदिरात बैठक भरली. दोन्ही गल्ल्या एकमेकींच्या आया-बहिणींचा उद्धार करू लागल्या, आणि "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत कार्यकर्तीचा घसा बसला. (‘शांत व्हा’ ऐकून माणूस शांत झाल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. आपलं ऐकलं गेलं असं वाटलं की तो आपोआप खाली बसतो.)

दुसऱ्या दिवशी ती पहाटे पाचला वस्तीत गेली आणि नुसती उभी राहिली. पाहिलं ते असं: वरच्या गल्लीतल्या बहुतेक बाया घरकामाला जातात. सहाची बस चुकली तर पहिलं घर बुडतं, म्हणून त्यांना पाणी झटपट भरून हवं असतं आणि त्यासाठी मोटर. खालच्या गल्लीत वेळेची घाई नव्हती. त्यांना दाब हवा होता, पाच वाजून पन्नास मिनिटांनी आला तरी चाललं असतं. बैठकीत मात्र एक बाजू म्हणत होती "मोटरी बंद करा" आणि दुसरी म्हणत होती "मोटर लावणारच". या झाल्या मागण्या. गरजा त्यांच्या मागे उभ्या होत्या आणि त्या एकमेकींच्या आड येत नव्हत्या. पहिली वीस मिनिटं वरची गल्ली, मोटरीसकट. त्यानंतर मोटर काढून ठेवायची, पाणी खाली. पाळी मोडली तर काय, हेही ठरलं, आणि पाळी पाहायला दोन्ही गल्ल्यांतली एकेक आजी नेमली. आज्यांना पहाटे झोप नसतेच.

मागणी आणि गरज वेगळी करायची ही कल्पना नवी नाही. मेरी पार्कर फॉलेट ही अमेरिकन बाई बॉस्टनच्या गरीब वस्त्यांत सामुदायिक केंद्रं चालवायची. वादाबद्दल ती 1925 मध्ये जे बोलली त्याचा आधार आजही घेतात. वाद सुटायच्या तीन वाटा तिने सांगितल्या. एकाने दुसऱ्यावर मात करायची, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा दोघांनाही जे हवं ते बसेल असं तिसरंच काही शोधायचं. तिचं उदाहरण हार्वर्डच्या ग्रंथालयातलं होतं. एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद हवी होती. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. हवाही आली आणि तिच्या अंगावर वारंही आलं नाही.

उदाहरण सुरेख आहे. फक्त आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीला शेजारची रिकामी खोली नसते. दोन गरीब गट ज्या गोष्टीवरून भांडतात ती गोष्ट मुळातच कमी पडलेली असते, आणि कमी पाडणारा तिसराच कुणी असतो. तो भांडणाच्या जागी कधी येत नाही. पाळ्या ठरवून कार्यकर्ती घरी गेली तर तिने टंचाईचं वेळापत्रक बनवून दिलं, एवढंच झालं. वस्तीला पंचेचाळीस मिनिटंच पाणी का, जलवाहिनी किती इंचाची आहे, ती टाकली तेव्हा घरं किती होती आणि आता किती? या प्रश्नांचा अर्ज दोन्ही गल्ल्यांच्या सह्यांनी पालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेला तर भांडणाची दिशा बदलते. काल एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया एकाच टेम्पोत बसून निघतात. अशा वेळी वाद विझवण्यापेक्षा योग्य पत्त्यावर पोहोचवणं हे काम असतं. माझ्या मते समाजकार्य आणि नुसती मध्यस्थी यांतला फरक इथे दिसतो.

बोलण्याच्या छोट्या युक्त्याही असतात, त्या पटकन सांगते. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द आले की विचारायचं, "शेवटचं कधी झालं होतं?" हवेतलं भांडण जमिनीवर येतं. एकाचं बोलून झालं की त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचं आणि "बरोबर ना?" म्हणून थांबायचं. दोघांना समोरासमोर न बसवता कोपऱ्यात काटकोनात बसवायचं. मोबाइल पिशवीत ठेवायला सांगायचे, कारण हल्ली अर्धी बैठक रेकॉर्ड होते आणि संध्याकाळी भावकीच्या ग्रुपवर फिरते.

गावपातळीवर वाद मिटवण्याची आपल्याकडे एक सरकारी चळवळही झाली. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या, तंटामुक्त गावांना बक्षिसं मिळाली. बांध, वहिवाटीची वाट, शेळी पिकात शिरली, भाऊबंदकीतल्या वाटण्या अशा तंट्यांना कोर्टात वीस वर्षं घालवण्यापेक्षा पारावर दोन तास घालवणं केव्हाही चांगलं. पण मिटलेल्या तंट्यांचा आकडा हीच गावाची इभ्रत झाली की मार खाणारी बाईही त्या आकड्यात धरली जाते. पारावर ती बसलेली नसते. तिच्या वतीने तिचा भाऊ आणि दीर बसलेले असतात आणि तिला ‘नांदायला’ पाठवायचं ठरतं.

सगळ्यांत अवघड असतं ते अख्खं गाव एका बाजूला आणि कार्यकर्ती दुसऱ्या बाजूला असताना. बीडच्या पट्ट्यातला बालविवाह घ्या. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 1 नोव्हेंबर 2007 पासून लागू आहे. मुलगी 18 ची, मुलगा 21 चा, हे गावात लहान पोरालाही माहीत असतं. माहीत नाही म्हणून कुणी लग्न लावत नाही. बापाचं गणित वेगळं असतं. दिवाळीच्या आसपास नवरा-बायको ऊसतोडीला कारखान्यावर जाणार ते पाच-सहा महिन्यांनी येणार. पंधरा वर्षांची पोर मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? सोबत न्यायची तर उसाच्या फडावरच्या खोपीला दार नाही. शिवाय मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे जोडपं. लग्न झालं की आणखी एक कोयता. हा हिशेब समजून न घेता कायद्याचं पुस्तक दाखवणारी कार्यकर्ती बापाच्या नजरेत पोलिसांची माणूस ठरते, आणि पुढचं लग्न शेजारच्या तालुक्यात, रात्री, मंडपाशिवाय लागतं.

इथे दोन कामं वेगळी ठेवावी लागतात. कायदा बजावणं हे बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचं काम. गावात ती जबाबदारी ग्रामसेवकावर असते आणि अंगणवाडी सेविका मदतीला असते. मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर कोणीही कळवू शकतं. लग्न परवावर आलं असेल तर समजावण्यात वेळ घालवायचा नाही. अधिकारी, पोलीस, गरज पडली तर न्यायालयाचा मनाई हुकूम. कळवलं कोणी, हे मात्र मरेपर्यंत सांगायचं नाही. बहुतेकदा ती मुलीची मैत्रीण असते, क्वचित मुलगी स्वतः. कार्यकर्तीचं काम त्यानंतर सुरू होतं, लग्न मोडून मांडव उतरल्यावर, जेव्हा कोणी तिला दारात उभं करत नाही. तरी जायचं. हंगामी वसतिगृहात पोरीची सोय लागते का, आजीकडे ठेवली तर शाळा किती लांब, उचल घेतलेली असेल तर मुकादमाशी बोलायला बापाबरोबर कोण जाईल? यातलं एक जरी जमलं तरी बाप दोन वर्षं थांबायला तयार होतो. नाही जमलं तर कायद्याने थांबवलेलं लग्न फक्त पुढे ढकललेलं असतं.

आता एक नाजूक गोष्ट. ज्याच्यासाठी आपण काम करतो त्याच्याशीच आपलं पटत नाही तेव्हा काय?

बाई म्हणते, मला परत जायचंय. आपण सहा आठवडे धडपडून निवारा मिळवून दिलेला असतो आणि ती म्हणते, मुलांना बापाची आठवण येते. राग येतो. यायचाच. पण निर्णय तिचा आहे, हे नुसतं तोंडाने म्हणायचं नसतं, वागण्यातही दिसावं लागतं. "बघा हं, पुन्हा मारलं तर माझ्याकडे येऊ नका" असं ऐकवून पाठवलेली बाई पुढच्या वेळी खरंच येत नाही, आणि तेव्हाच यायला हवी असते. "मला काळजी वाटते, तरी तुम्ही ठरवलंय तसं करू. फोन नंबर तोच आहे." इतकं पुरतं.

वृद्धांच्या बाबतीत हेच वेगळ्या तऱ्हेने येतं. बापाने घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केलेलं असतं आणि आता त्याला जेवण गॅलरीत मिळतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दाद मागायला न्यायाधिकरण आहे. ते आधी सामोपचार अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं, आणि त्याला महिनाभरात अहवाल द्यावा लागतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर परत मिळवायची तरतूदही आहे. हे सगळं समजावून सांगितल्यावर आजोबा म्हणतात, "पोराविरुद्ध कागद नको, बाई. फक्त त्याला म्हणावं, संध्याकाळी पाच मिनिटं बसत जा." कायदा खिशात ठेवून त्या पाच मिनिटांसाठी मुलाशी बोलायला जाणं हेही कामच आहे.

मात्र ‘तुमची मर्जी’ म्हणता येत नाही अशी एक जागा आहे, आणि ती म्हणजे मूल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाच गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आई पाया पडून म्हणते, "बदनामी होईल, राहू द्या." इथे आईशी मतभेद अटळ असतो, आणि तो आधीच माहीत असल्यामुळे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं. मूल म्हणतं, "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" पटकन ‘नाही’ म्हणण्याचा मोह होतो. म्हणायचं नाही. म्हणायचं ते असं: "तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." खोटं वचन मोडलं की त्या मुलाच्या यादीत फसवणाऱ्या मोठ्यांमध्ये आपणही जाऊन बसतो.

संस्थेच्या आतली भांडणं बाहेरच्या लोकांना दिसत नाहीत. वस्तीत फिरणारी कार्यकर्ती म्हणते मूल घरीच राहू द्या, अधीक्षक म्हणतात बालगृहात पाठवा. देणगीदाराला आकडे हवेत, समुपदेशकाला वेळ हवा. या वादांत कामी येतो तो लिहिण्याचा शिस्तीचा हात. फाईलमध्ये "बाप दारुडा आहे" असं लिहिलं की ते मत झालं, त्यावर दिवसभर भांडता येतं. "भेट सकाळी 11 ला. बापाच्या तोंडाला दारूचा वास. शेजारणीच्या सांगण्याप्रमाणे आठवड्यातून तीन-चार दिवस पिऊन येतो. मूल भेटभर आजीला चिकटून होतं" असं लिहिलं की समोरच्याला निदान तेच चित्र दिसतं. मग निष्कर्ष वेगळा निघाला तर तोही खाली लिहायचा, कारणासकट, सही करून. वरिष्ठांपुढे गप्प बसून बाहेर चहाच्या टपरीवर खरं मत सांगायचं, ही आपल्या क्षेत्राची जुनी खोड आहे. किती मुलांनी तिची किंमत मोजली असेल, कोण जाणे.

आणि कार्यकर्तीचं स्वतःचं काय? गृहभेटीला गेल्यावर दारातच विचारतात, "आडनाव काय तुमचं?" उत्तरावरून पाणी कशातून द्यायचं ते ठरतं, आणि आपलं बोलणं किती ऐकायचं तेही. वादात आपण हात घालतो तेव्हा आपली जात, आपलं वय, कपाळावरचं कुंकू किंवा नसलेलं कुंकू, सगळं आपल्याबरोबर खोलीत येतं. आपला भूतकाळही येतो. माझ्या ओळखीच्या एका समुपदेशिकेला दारू प्यायलेला नवरा समोर बसला की कानात घण पडल्यासारखं व्हायचं. वडील आठवायचे. तिने ते लपवलं नाही, सहकाऱ्याला सांगितलं आणि तसली पहिली बैठक कधी एकटीने घेतली नाही. मला तो कमकुवतपणा वाटत नाही.

तर तो मामा. त्याला बाकावर बसवलं. बायको एकटी आत राहिली. मार कुठे, कधीपासून, यातलं तिने आधी काहीच सांगितलं नाही. बराच वेळ पंख्याकडे बघून म्हणाली, "पोरांचे शाळेचे दाखले तिकडेच राहिलेत. जूनमध्ये नाव घालायचंय." मग गॅसचं पुस्तक, आधार कार्डं, आईने दिलेली दोन पातेली. दंडावरचा डाग तिसऱ्या भेटीत दाखवला. पण फाईलमधली पहिली मागणी दाखल्यांची होती, म्हणून काम तिथून सुरू केलं.

आठ दिवसांनी मामा स्वतः आला. घामाघूम. प्लास्टिकच्या पिशवीत दाखले, गॅसचं पुस्तक आणि एकच पातेलं. टेबलावर ठेवून म्हणाला, "घ्या. आता मिटलं असं लिहा."

फाईल उघडली आणि त्याच्यासमोरच लिहिलं: दाखले मिळाले. एक पातेलं बाकी. प्रकरण सुरू.